पेटीवर बांधलेली चाल

नाटक कंपनीत दोन माणसांची तोंडं प्रेक्षकांना कधी दिसत नाहीत. एक पडदा ओढणारा आणि दुसरा पेटी मास्तर. पडदा अडकला तर लोक पडद्याला शिव्या देतात. पेटी चुकली तर मास्तरला देतात, आणि नट चुकला तरी मास्तरलाच देतात.

सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत मी बरीच वर्षं संगीत नाटकांना पायपेटी वाजवली, चाली लावल्या. हे सांगितलं की समोरचा माणूस आदराने मान डोलावतो आणि विचारतो, "म्हणजे तबला?" पूर्वी मी समजावून सांगत असे. आता 'हो' म्हणतो आणि चहा पितो.

या अंकाच्या संपादकांनी 'रंगभूमीच्या गोड आठवणी' मागितल्या आहेत. गोड हवं होतं तर त्यांनी पेढेवाल्याला गाठायला हवं होतं. माझ्याकडे जे आहे ते देतो.

आधी धंदा समजून घ्या. पायपेटी म्हणजे खुर्चीत बसून वाजवायची पेटी. भाता दोन्ही पायांनी हाणायचा, म्हणजे दोन्ही हात सुरांना मोकळे. रंगमंचापुढच्या खड्ड्यात आम्ही बसायचो, पाठ लोकांकडे आणि तोंड नटाकडे. नटाची हनुवटी बघत राहायचं. तो श्वास कुठे घेणार, कुठे थांबणार, कुठे घसरणार, सगळं हनुवटी आधी सांगते. माझे तबलजी उस्मानभाई नटाकडे बघतच नसत. ते माझ्या डाव्या गुडघ्याकडे बघत. गुडघा हलला की त्यांची थाप पडायची. राजाराण्यांचा एवढा थोरला दरबार एक हनुवटी आणि एक गुडघा यांच्या भरवशावर चालायचा.

माळशिरसला एकदा मध्यंतरात एक बागाईतदार खड्ड्यापाशी येऊन उभा राहिला. पाण्याचा पंप बघावा तसं पेटीला पुढून मागून हात लावून त्याने बघितलं. मी इतके पाय मारतो आहे तर पाणी कुटं पडतंय, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, पाणी नाही, सूर निघतात. त्याने जरा विचार केला आणि मग मला हळहळून विचारलं, "मंग जमिनीत काय जातंय?" काहीच जात नाही, मी म्हणालो. तेव्हा हसलो होतो. आता वाटतं, माझ्या धंद्याबद्दल इतका नेमका प्रश्न मला पुन्हा कुणी विचारला नाही.

होटगीला रेल्वेच्या लोकांसाठी प्रयोग होता. आमच्या मुख्य नटाने सूर लावून धरला आणि नेमकी त्याच वेळी यार्डातल्या इंजिनाने शिटी फुंकली. शिटी लांबली तसा सूर लांबला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, नटाने छातीला हात लावून मान झुकवली. उस्मानभाई मला हळूच म्हणाले, "मास्टर, आज तुम्हारी छुट्टी. इंजन साथ दे रा."

हे मुख्य नट म्हणजे आमचे नाना. हँडबिलावर त्यांच्या नावाआधी इतक्या पदव्या असत की नाव खालच्या ओळीत जाई. तरुणपणी त्यांचा गळा खरोखर सोन्याचा होता, हे मी अमान्य करणार नाही. काळी तीनच्या पट्टीत ते मोकळे गात, म्हणजे पुरुषाच्या गळ्याला चांगलीच उंच पट्टी. पण मी त्यांच्याकडे लागलो तेव्हा ते दिवस मावळले होते. गळा उतरत उतरत काळी एकवर आला होता आणि तिथेही दमायचा.

मग ते गात कसे? तर मी गात असे. नाना पहिली ओळ म्हणायचे, दुसरी म्हणायचे, आणि अवघड जागा आली की उजव्या हाताने शेल्याचं टोक उचलायचे. ती आमची खूण. खूण दिसली की नानांचं तोंड उघडं, मान मागे, डोळे मिटलेले, आणि तान माझ्या पेटीतून निघायची. नानांच्या आवाजाचा जो काही तुकडा असेल तो मी पेटीच्या आवाजात असा गुंडाळायचो की मागच्या रांगेपर्यंत गळाच ऐकू जावा. तान पेटीत आणि टाळी नटाला. याबद्दल आमच्यात एका शब्दानेही कधी बोलणं झालं नाही. नाना तर प्रयोगानंतर मला सांगायचे, "आज आवाज जरा बरा लागला, नाही का मास्तर?" मी म्हणायचो, लागला.

मी अक्कलकोटकडचा, घरात कन्नड आणि बाहेर मराठी. तिकडच्या गावी प्रयोग झाला तेव्हा एक आंधळा म्हातारा मला चाचपडत भेटायला आला. म्हणाला, "मेष्ट्रे, राजा सुळ्ळ, पेटगी खरे." राजा खोटा, पेटी खरी. तेवढ्या वर्षांत ओळखलं ते एका आंधळ्याने.

आता चालीबद्दल. संगीत नाटकात नवी चाल फारशी कुणाला हवी नसते. नाटककार कुठल्या तरी गाजलेल्या चालीवर शब्द बसवतो आणि पुस्तिकेत पदाच्या डोक्यावर मूळ चाल छापतो. नाटकाला पैसा लावणारा ठेकेदार खूश, कारण लोकांना ओळखीचं ऐकायला मिळतं. स्वतःची चाल लावायची असेल तर ती गळ्यावर बांधावी लागते. गाणाऱ्याला समोर बसवायचं, त्याचा दम कुठवर पुरतो, आवाज कुठल्या सुरावर उघडतो, कुठे चिरतो, हे बघत बघत चाल पुढे न्यायची. बोटांनी पेटीच्या पट्ट्यांवर बांधलेली चाल दिसायला झकास असते, पण बोटांना श्वास घ्यावा लागत नाही, गळ्याला लागतो. अशा चालीला आम्ही 'पेटीवरची चाल' म्हणतो. आमच्या धंद्यात याहून वाईट शिवी नाही. शिंप्याला 'माप न घेता शिवतोस' म्हणावं तसं.

दुष्काळाच्या साली सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या एका शाळेतले जोशी सर माझ्याकडे नाटक घेऊन आले. नाव 'संगीत जललेखा'. एक राजकन्या आटलेल्या तळ्याच्या काठी बसते आणि बापाशी भांडून नवं तळं खोदायला घेते, अशी गोष्ट. सरांची अट एकच होती: सगळ्या चाली नव्या हव्यात, एकही उसनी नको. सर इंग्रजी पुस्तकं वाचणारे. ते मला सांगायचे, फ्रान्समध्ये एक संगीतकार होता, त्याने आख्खं संगीत नाटक स्वतः रचलं आणि स्वतः हातात काठी घेऊन वाद्यवृंदापुढे उभा राहिला. तिकडे त्याचं नाव पाटीवर नटांच्या वर लिहितात. "मास्तर, तुम्ही आमचे फ्रेंच," असं ते म्हणायचे. मी काठीऐवजी पाय हलवणारा फ्रेंच. पण खरं सांगतो, त्या बोलण्याने मी हुरळलो. दुसऱ्याच्या गळ्यातली भोकं बुजवण्यात माझी उमेद चालली होती. एक नाटक तरी माझं म्हणून लोकांच्या कानावर पडावं, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नको होतं.

आणि गळा मिळाला. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरातली नरसम्मा. नवरा मागावर, ही घरी विड्या वळायची. भजनात गाताना तिला उस्मानभाईंनी ऐकलं आणि माझ्याकडे आणलं. पट्टी काळी चार. खर्जात उतरली तरी आवाज भरलेला आणि वर गेली तरी कुठे ताण नाही. मधे जोड दिसतच नसे. तिला वाचता येत नव्हतं, एकदा ऐकलं की पुरे.

सुट्टीच्या दिवशी जोशी सरांच्या शाळेच्या वर्गात आम्ही बसायचो. नरसम्मा बरोबर सूप आणायची. विड्यांचा वायदा संध्याकाळपर्यंत कारखान्यात पोचवायचा असे, त्यामुळे सूप मांडीवर, कापलेली पानं एका बाजूला, तंबाखू एका बाजूला आणि तोंडाने गाणं. माझा स्वतःचा आवाज म्हणजे फुटका डबा. मी ओळ कशीबशी गुणगुणायचो, पेटीवर दाखवायचो, ती म्हणायची. कुठे अडली तर मी चाल बदलायचो. पुढे पुढे माझ्या लक्षात आलं की विडीला दोरा गुंडाळताना ती श्वास धरते आणि दोरा तोडला की सोडते. जललेखेचं मुख्य पद, कोरड्या तळ्याच्या काठचं, मी त्याच श्वासावर बांधलं. खर्जातल्या पंचमापासून चाल उठते, थांबत थांबत चढते आणि शेवटी तारसप्तकात एका सुरावर उभी राहते, जणू तळ्यात खाली उतरून पुन्हा वर आल्यासारखी. नरसम्माने ते पद पहिल्यांदा पुरतं म्हटलं तेव्हा जोशी सर रडले. उस्मानभाईंनी डग्ग्यावरचा हात काढला नाही. मला आनंद झाला होता, इतका की मी घरी चालत गेलो आणि सायकल शाळेत विसरलो.

इथवर गोड आठवण झाली. संपादकांनी पाहिजे तर इथे थांबावं.

नाटक उभं करायचं तर ठेकेदार हवा. शिवबसप्पा शेठ तयार झाले, पण नाव नानांचं पाहिजे म्हणाले. नरसम्माचं नाव कुणाला माहीत होतं? हँडबिलासाठी तर नानांनी तिचं 'नलिनी' करून टाकलं, तिला विचारायचंही कुणाला सुचलं नाही. नाना राजा झाले. मूळ नाटकात राजाला मोजकी पदं होती, बाकी सगळी लेकीची. इथे आमच्या व्यवसायातला एक रिवाज सांगायला हवा: पदांची वाटणी. तालमींच्या आधी मुख्य नट पुस्तिका पुढ्यात घेऊन बसतो आणि आपल्याला कुठली पदं हवीत ते सांगतो. चांगल्या पदावर पहिला हक्क त्याचा. भूमिका कुणाची, प्रसंग कुणाचा, हा प्रश्न नंतर. नाटककार मग बसून प्रसंग फिरवतो.

नानांनी तळ्याचं पद मागितलं.

मी नको म्हणालो. कधी नव्हे ते तोंड उघडलं. हे पद बाईच्या गळ्यावर बांधलं आहे, काळी चारचं आहे, नानांच्या पट्टीत आणलं तर खालचे सूर पुटपुटल्यासारखे होतील आणि वरचे पोचणार नाहीत, असं मी शेठना समजावलं. नाना छताकडे बघत होते. शेठ म्हणाले, "मास्तर, पट्टी बदला की. त्यात काय एवढं? आन् न्हाई पोचलं तर तुमी हायच." शेठना सगळं माहीत होतं तर. जोशी सरांनी रात्रीतून प्रसंग बदलला. आता तळ्याकाठी लेकीऐवजी बाप बसू लागला. राजकन्येच्या वाट्याला दुसऱ्या अंकातलं एक लहानसं पद राहिलं. नरसम्माला मी सांगितलं तेव्हा तिने सुपातून मान वर केली नाही. "बरं," म्हणाली. पुढची विडी वळायला घेतली.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी होता. थिएटर भरलं होतं. गिरण्यांतले, मागांवरचे, खडी फोडून आलेले, सगळे. आणि शेठनी हौसेने एक नवी गोष्ट केली होती, माइक लावले होते. मोठ्या शहरांत लावतात म्हणून. पायदिव्यांच्या झालरीत नटांसमोर माइक. माझ्या खड्ड्यात नाही. मी सकाळी ते बघितलं आणि पुढचं सगळं मला कळलं. साथ करताना मी नानांचा आवाज पेटीत गुंडाळतो तो हवेत. आता त्यांचा आवाज तारेतून जाऊन भोंग्यातून निघणार होता आणि माझी पेटी खड्ड्यात राहणार होती. मी शेठना म्हणालो, एक तरी माइक खाली द्या. ते म्हणाले, पेटी ऐकायला कोण येतंय?

दुसऱ्या अंकात नरसम्माने आपलं पद म्हटलं. लोकांनी वन्स मोअर दिला. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा वन्स मोअर. विंगेत नाना उभे होते. मला त्यांची हनुवटी दिसत होती.

मग तळ्याचा प्रसंग आला. नाना बसले. खर्जातली पहिली ओळ निघाली आणि भोंग्यातून नुसता घशाचा घरघराट आला. नाना चढू लागले. अर्ध्यात त्यांनी शेल्याचं टोक उचललं. मी दोन्ही पाय जीव खाऊन मारले, होती नव्हती ती सगळी हवा पेटीत घातली, चाल पुरतीच्या पुरती वाजवली. पहिल्या दोन रांगांनी ती ऐकली असेल. मागच्या सगळ्या थिएटरने ऐकला तो नानांचा मोकळा श्वास, त्यातली शिटी आणि मधेच चिरकलेला एक सूर. क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून कुणीतरी म्हणालं, "नाना, पाणी प्या की," आणि थिएटर हसलं.

नाना उठले. राजाच्या वेशात पायदिव्यांपाशी आले. नटाने प्रसंग मोडून प्रेक्षकांशी बोलावं असं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी हात वर केला, हसू थांबलं, आणि ते शांतपणे म्हणाले, "मायबाप, दोष गळ्याचा नाही. ही चाल पेटीवर बांधलेली आहे."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपण सगळे म्हणतो. त्या दिवशी ते अंगण मी होतो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना म्हणाले, आता मी माझं जुनं पद म्हणतो. कुठलं, ते सांगायचीही गरज नव्हती. त्यांनी खाली माझ्याकडे बघितलं आणि बोटाने सूर मागितला. मी काय करायला हवं होतं, हे मला गेल्या इतक्या वर्षांत शंभर जणांनी सांगितलं आहे. उठून जायचं होतं, पेटी बंद करायची होती, ओरडायचं होतं. ते सांगणारे कधी खड्ड्यात बसलेले नाहीत. साथीदाराला सूर मागितला की पाय आपोआप हलतात. माझे हलले. जुन्या पदाला नानांना गळा लागलाच नाही, कारण निम्मं थिएटर ते पद पाठ म्हणत होतं. त्या गजरात नानांचा आवाज पुन्हा सोन्याचा झाला. जललेखा राजाच्या शेजारी मेकअपमध्ये उभी होती. तिला त्या प्रसंगात काही कामच उरलं नव्हतं.

नाटकाचा दुसरा प्रयोग झाला नाही. सात रस्त्यावरच्या चहाच्या दुकानांत आठवडाभर नानांचं वाक्य फिरत होतं. मग ते वाक्य तालुक्यांत पोचलं. आमच्या लोकांत नट बोलला तर ते खरं, कारण त्याला गाताना सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मला नवं नाटक द्यायचं म्हटलं की ठेकेदार म्हणायचे, वाजवायला मास्तर एक नंबर, पण चाली पेटीवरच्या. साथ मात्र हवी होती सगळ्यांना. नरसम्माला पुन्हा कुणी बोलावलं नाही. दोन वन्स मोअर नानांच्या देखत घेतलेली बाई कुठला नट शेजारी उभी करेल?

जोशी सर मला धीर द्यायला आले. म्हणाले, मास्तर, त्या फ्रेंचाचंही नाटक पहिल्यांदा पडलं होतं. लोकांनी नावं ठेवली. पुढे तेच नाटक जगभर गाजलं. मी त्यांना म्हणालो, सर, त्याच्या चाली कागदावर होत्या आणि तो कागद वाचून गाणारी माणसं गावोगाव होती. माझी चाल एका बाईच्या गळ्यात आहे आणि ती बाई विड्या वळते. सरांनी पुन्हा फ्रान्सचं नाव काढलं नाही. नाटकही पुन्हा लिहिलं नाही.

मीही त्या पदाची स्वरलिपी करून ठेवली होती, हौसेने. एका संगीत विद्यालयातल्या गृहस्थांना दाखवली. त्यांनी पट्ट्यांवर ती वाजवून बघितली आणि म्हणाले, छान आहे, पण पेटीवरची वाटते. कागदावरून पेटीवर वाजवली तर दुसरं काय वाटणार? त्यात श्वास कुठे लिहिलेला असतो?

पुढे संगीत नाटकं आटत गेली आणि ऑर्केस्ट्रे आले. मी गळ्यात अकॉर्डियन अडकवलं आणि सिनेमाची गाणी वाजवली. तिथे चालीची भानगड नव्हती. जशी तबकडीवर तशी वाजवायची, बस. पोट भरलं, त्याबद्दल तक्रार नाही. नाना वारले तेव्हा मोठी शोकसभा झाली. त्यात नानांचं ते जुनं पद वाजवायला मलाच बोलावलं. गाणारा कुणी नव्हता, नुसती पेटी. वाजवून खाली आलो तर लोक म्हणाले, डोळ्यांपुढे नाना उभे राहिले. बाहेर पडताना उस्मानभाई म्हणाले, "मरे सो आदमी कू बी तुम्हीच साथ दिये, मास्टर." त्यांचं बोलणं नेहमी असंच. मला हसू आलं नाही.

आता जे सांगतो ते यंदाच्या उन्हाळ्यातलं. उस्मानभाईंच्या जावयाने आखातातून टेपरेकॉर्डर आणला. तो बघितला आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. नरसम्माच्या आवाजात ते पद एकदा टेप करायचं. मग ज्यांना ज्यांना नानांचं वाक्य पाठ आहे त्यांच्यापुढे नुसतं बटण दाबायचं. मला एक शब्दही बोलावा लागणार नव्हता. उस्मानभाईंनी टेप उचलला, रिक्षा केली, आणि आम्ही दोघं पूर्व भागात गेलो.

नरसम्मा दारातच बसली होती, मांडीवर सूप. केस पांढरे झाले होते. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. मी येण्याचं कारण सांगितलं तेव्हा ती लाजली, मग सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि आत बसली. माझ्याकडे पेटी नव्हती, तिला नकोच होती. उस्मानभाईंनी गुडघ्यावर ठेका धरला. मी बटण दाबलं.

खर्जातला पंचम लागला. अगदी तोच. मला वाटलं, आता झालं. दुसरी ओळ आली, प्रत्येक जागा जिथल्या तिथे, एक सूर विसरली नव्हती. चाल चढायला लागली आणि तिचा श्वास तुटला. खोकला आला. तिने पाणी प्यायलं, पुन्हा धरलं. पुन्हा तिथेच खोकला, आधीपेक्षा लांब. जन्मभर तंबाखूच्या धुरळ्यात बसलेली छाती. तिसऱ्यांदा ती वरच्या सुरापर्यंत पोचली आणि तिथे आवाज चिरला, नानांचा चिरला होता तसाच.

तिने हात जोडले. म्हणाली, "चाल समदी हाय की मास्तर डोक्यात. दम न्हाई. तुमी म्हना."

मी काय म्हणणार? मला गळा होता कधी? उस्मानभाई भिंतीकडे बघत होते. टेप फिरतच होता. नरसम्मा त्या फिरणाऱ्या चक्रांकडे थोडा वेळ बघत बसली आणि मग काळजीने मला म्हणाली, "ह्ये कुणाला ऐकवू नका, मास्तर. लोकं म्हनतील, नाना खरं बोलले व्हते."

मी तिथेच, तिच्यासमोर, टेप मागे फिरवून सगळं पुसलं.  परत आल्यावर उस्मानभाईंच्या जावयाने त्या टेपवर आपल्या लेकीची बडबड भरून घेतली.

चाल गळ्यावर बांधलेली होती. हे मी इथे लिहून ठेवतो आहे. लिहिलेली चाल कुणाला ऐकू जात नाही, हे मलाही कळतं.